एका डब्यातल्या गोळ्या

डिंपल वाचली. बाळही वाचलं. आता हे दोन्ही विसरून जा. सुलक्षणा बीपीचं यंत्र घेऊन रिखबचंद शेठच्या घरात शिरली तेव्हा तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, मग आपणच फुकट निश्चिंत का राहायचं?

सुलक्षणा धुळ्याहून निघायची, चाळीसगावला बस बदलायची आणि पाचोऱ्याला उतरेपर्यंत तिचं स्वतःचंच बीपी मोजण्यालायक झालेलं असायचं. गरोदरपणात बाईचं बीपी एकाएकी का चढतं, झटके का येतात, अ‍ॅस्पिरिनच्या बारीकशा गोळीने ते टळतं का, यावर संशोधन चालू होतं, आणि घरोघरी जाऊन बीपी मोजायचं काम सुलक्षणाकडे होतं. निम्म्या बायांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकलेल्या. कुणाला कोणती, हे ना बाईला ठाऊक, ना सुलक्षणाला. शेठच्या दोन्ही सुना एकदमच गरोदर, म्हणून घरात बाटल्याही दोन, वेगवेगळ्या.

धाकटी सून डिंपल पलंगावर डोकं धरून बसली होती. तोंड सुजलेलं.

"डोळ्यांपुढे काजवे चमकतात हो ताई."

यंत्र एकशे सत्तरवर थांबलं. सुलक्षणाने पुन्हा मोजलं. यंत्राने मत बदललं नाही.

"गोळी रोज घेतेस ना?"

"मम्मीजी देतात ती घेते."

सासूबाई राजकुंवर कौतुकाने स्टीलचा डबा घेऊन आल्या. दोन्ही बाटल्या त्यात ओतलेल्या, छान एकजीव.

"काकू, हे काय केलंत?"

"एकीला एक अन् दुसरीला दुसरी, असं आमच्यात चालत नाही बाई. साडी घेतली तरी एकाच रंगाच्या दोन घेते मी. गोळीवरून जावाजावांत वाजलं, तर तुमचा कॉम्प्युटर येणार आहे का मिटवायला?"

सुलक्षणाने डब्यात डोकावून पाहिलं. आता कॉम्प्युटरलाही काही ठाऊक नव्हतं. इतकं निःपक्षपाती संशोधन आजवर झालं नसेल.

"ते राहू द्या. डिंपलला आत्ताच्या आत्ता जळगावला हलवा. झटका आला तर बाळ जाईल, हीसुद्धा जाईल."

राजकुंवरचा चेहरा उतरला. पण सवय ती सवय.

"नेते ना. पण एकटीलाच? मोठीला काय वाटेल?"

मोठी सून आयुषी दारात पापड खात उभी होती. "मला काही वाटत नाही, मम्मीजी."

"आज नाही वाटत. पुढे भांडताना काढशील."

वाद घालायची ताकद सुलक्षणा चाळीसगावच्या स्टँडवरच विसरून आली होती. "दोघींना न्या," ती म्हणाली.

राजकुंवरनी चपला घातल्यासुद्धा.

"बठ्ठा बसनात का?" शेठच्या ड्रायव्हरने, पुनाने विचारलं, सगळे बसल्याचं पाहिलं आणि गाडी सोडली. आयुषीने पापड संपवला. डिंपल डोळे मिटून होती. सुलक्षणाने तिचा हात धरून ठेवला, मोजायला नव्हे, नुसताच.

जळगावच्या डॉक्टरांनी झटके येऊ नयेत म्हणून डिंपलला इंजेक्शन दिलं.

"मोठीलाही द्या," राजकुंवर म्हणाल्या.

डॉक्टर नाही म्हणाले. त्या घरात एका सुनेला कमी मिळायची ही पहिलीच वेळ.

सिझेरियन झालं. आपल्याला माहीत नाही असं ठरलंय, म्हणून सांगायला हवं: डिंपल वाचली. बाळ काचेच्या पेटीत, एवढंसं, पण रडत होतं. राजकुंवर पेटीपुढे उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच कुणाशी तुलना करत नव्हत्या.

गोळीने काही फरक पडला का? विचारू नका. दोन्ही सुनांची नावं संशोधनातून वगळली गेली. परतीच्या बसमध्ये उभ्याने सुलक्षणाला आठवत राहिलं, यावलला, चाळीसगावला, किती घरांत दोन-दोन सुना आहेत आणि किती घरांत डबे. घरी पोचल्यावर तिने संशोधन समितीला लिहिलं:

"विषय: चिठ्ठ्यांच्या पद्धतीत बदल करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, यापुढे चिठ्ठ्या सुनांच्या नावे न टाकता सासूबाईंच्या नावे टाकण्यात याव्यात, प्रत्येक सासूबाईंस एकाच प्रकारच्या गोळ्यांनी भरलेला स्टीलचा डबा पुरविण्यात यावा, तसेच अधोस्वाक्षरीकर्तीस धुळे ते पाचोरा या प्रवासातील दोन्ही बसमध्ये खिडकीलगतची जागा कायमस्वरूपी मंजूर व्हावी."