व्याह्याला खसरा मागितला

माझी बायको शेवंता जाऊन चार महिने झाले होते आणि तिच्या पैशाचं काय करायचं हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. विहारात भेटणारा म्हणे सोनं घ्या. शेजारचा म्हणे सोसायटीत टाका. माझा मुलगा लोकेश म्हणे प्लॉट.

"बँकेत पैसा सडते बाबूजी. लालबर्रा रोडले भाव वर्षात दीडपट झाला."

"कोणाचा भाव? ज्यानं इकलं त्याचा की ज्यानं सांगितलं त्याचा?"

"तुमच्याशी बोलनंच बेकार आहे."

पैसे सात लाख होते. माझे नव्हते, शेवंताचे होते. आमगावला तिच्या वडिलांचं शेत विकलं तेव्हा तिच्या हिश्श्याचे आले. मी वीज मंडळात लाइनमन होतो. माझी पेन्शन येते, घर स्वतःचं आहे, मला त्या पैशाची गरज नव्हती. पण ते बुडू द्यायचे नव्हते. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं.

प्लॉट दाखवायला आले ते पुनाराम, लोकेशचे सासरे, माझे व्याही, आमच्या बोलीत इवाई. जमीन त्यांच्याच वडिलांची. लालबर्रा रस्त्याला लागून धानाचं शेत होतं. धान कापलेलं होतं आणि त्याच्या खुंटांवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या.

"हा तुमचा. पंधराशे फूट, कोपऱ्याचा," पुनाराम म्हणाले. "घरचा मानूस म्हून कोपरा ठेवला तुमच्यासाठी. अन् हा वीस फुटाचा रस्ता."

"रस्ता कोणाच्या नावावर आहे?"

"रस्ता रस्त्याच्या नावावर राह्यते, इवाई." ते हसले. लोकेशही हसला.

आमच्याकडे जमिनीचा सातबारा म्हणजे खसरा. मी म्हणालो, "खसऱ्याची नक्कल दाखवा न एक डाव."

हसणं थांबलं. पुनारामांनी रुमाल काढून मान पुसली आणि गाडीकडे चालायला लागले.

आमच्या लोकांत हे असंच आहे. ज्याची मुलगी आपल्या घरात नांदते त्याला कागद मागत नाहीत. बाहेरच्याकडून म्हैस घेतली तरी दहा जणांना विचारतील, पण सोयऱ्याकडून जमीन घेताना शब्दावर घेतील. मी असे तीन जण ओळखतो. तिघेही अजून तहसीलच्या चकरा मारतात, आणि सोयरीकही राहिली नाही ती नाहीच.

घरी सूनबाई प्रियंकानं चहा समोर ठेवला.

"तुमी माझ्या बापाले कागद मागितला म्हने."

"जमिनीचा मागितला बेटा. त्याचा नाही."

ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी लोकसेवा केंद्रात जाऊन नक्कल काढली. थोडेच पैसे लागतात आणि कोणालाही मिळते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं की नक्कल विकणाऱ्यानंच दाखवायची असते. विकणारा दाखवेल ती त्याच्या सोयीची असेल. नक्कल आपण काढायची.

त्यात चार नावं निघाली. पुनाराम, दोन भाऊ आणि चौथं नाव आम्रपाली, त्यांची बहीण. जमीन अजून शेतीचीच होती, घरं बांधायची परवानगी काढलेली नव्हती. वाटणीही झालेली नव्हती. म्हणजे कोपऱ्याचा प्लॉट माझा असं पुनाराम म्हणत होते, पण कोपरा त्यांचा आहे हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. पटवाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "चारों की सही लगेगी. नहीं तो रजिस्ट्री करा भी लोगे, नाम नहीं चढ़ेगा."

मी पुनारामांना फोन केला.

"आम्रपालीची सही होऊन जाईन," ते म्हणाले. "बहीन भावाले नाही म्हनते काय?"

मी फोन ठेवला. हेच वाक्य मी शेवंताला म्हणालो होतो, अकरा वर्षांपूर्वी. तिचे भाऊ मिठाईचा डबा आणि हक्क सोडल्याचा कागद घेऊन आले होते. मी म्हणालो, करून टाक सही, माहेर तुटते. तिनं केली नाही. मी तिच्याशी महिनाभर नीट बोललो नाही. मला तिचा राग यायचा, भावांचा नाही. सात वर्षं ती थांबली, मग भावांना शेत विकायचं होतं तेव्हा हिस्सा द्यावा लागला. ती गेली तेव्हा भाऊ आले, माती दिली आणि पाणी न पिता परत गेले.

त्या आठवड्यात मी बसनं लामत्याला, आम्रपालीच्या सासरी गेलो. आम्रपालीबाई अंगणात सुपात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. जयभीम झाला. कोण ते सांगितलं.

"लालबर्रा रोडच्या शेतात प्लॉट पडले, माहीत आहे तुमाले?"

"तुमच्याच तोंडून आयकून राह्यली."

"सही देसान काय?"

"कोनी मागितली? एक डाव पुनारामदादानं आनला होता हक्क सोडाचा कागद. म्या म्हनलं ठेव, पोरीकडून वाचून घेते. तवापासून दादाही नाही अन् कागदही नाही." त्यांनी सूप हलवलं. "तुमी तर घेनारे. मंग मले सावध कायले करून राह्यले?"

"माझ्या बायकोनं नव्हती केली सही."

"तुमी होते तिच्या बाजूनं?"

"नव्हतो."

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "बसा, भाकर खाऊन जा."

मी परत आलो आणि लोकेशला सांगितलं, प्लॉट घ्यायचा नाही.

त्यानं मोबाइल खाली ठेवला. "बयाना देऊन झाला."

"कवा?"

"पाह्याले गेलतो त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमी कागदकागद करून राह्यले होते, प्लॉट हातचा गेला असता. पन्नास हजार दिले. माझेच दिले."

"पावती?"

"सासऱ्यापासून पावती घेऊ काय?"

"कोणासमोर दिले?"

"त्याहीच्या घरात. चहा पेताना."

म्हणजे ना पावती, ना साक्षीदार. तो म्हणाला, "आता सौदा मोडला तर बयाना बुडते. म्हून घ्याच लागन."

"पन्नास हजारापायी सात लाख घालू?"

"आत्याची सही होईन न पुढंमागं."

"तिच्याकडूनच येऊन राह्यलो. तिले प्लॉटचं कोणी सांगितलंच नाही."

"तुमी लामत्याले गेलते?" तो उठून उभा राहिला. "सासऱ्याच्या घरात भांडन लावाले गेलते तुमी. आईले जितेपनी तुमीच म्हनत होते सही कर म्हून. मी पंधरा वर्षांचा होतो, मले सगळं आठवते. आता तिच्या नावानं आमाले शिकवून राह्यले."

मी एवढंच म्हणालो, "तवा चुकलो. आता नाही घेत."

तो बाहेर गेला. प्रियंका दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"आत्या काय म्हनली?"

मी सांगितलं. टेबलावर खसऱ्याची नक्कल होती, तिनं उचलली आणि बोट ठेवून चारही नावं वाचली.

"यात माझं नाव काहून नाही?"

"तुझे बाबा आहेत तोवर त्यांचं. मंग तुझं आन् तुझ्या भावाचं चढन."

"मंग माझ्याकडंही असाच हक्क सोडाचा कागद आनतीन?"

"आनतीन."

तिनं नक्कल घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "सकाळी जाऊ. मी येते."

पुनारामांकडे आम्ही दोघंच गेलो. लोकेश आला नाही. मी बयाना परत मागितला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पैसे लागले चुना-मोजनीत. अन् सौदा तुमी मोडला, म्या नाही."

प्रियंका म्हणाली, "बाबा, आत्याची सही आना. बाबूजी आजच सौदा करते. नाही तर ह्याहीचे पैसे द्या."

"इवाई, माझीच पोरगी माझ्यावर सोडली तुमी?"

"मी नाही सोडली. तिनं नक्कल वाचली."

"होळी होऊ द्या," ते म्हणाले.

होळी झाली. मी चार वेळा गेलो. वीस हजार मिळाले, तेही दोन हप्त्यांत. बाकीचे येतील असं मला वाटत नाही. लोकेश माझ्याशी कामापुरतं बोलतो. प्रियंका माहेरी जात नाही आणि त्याचाही दोष माझ्याच माथी आहे. आम्रपालीबाईंच्या घरी मात्र आता तिन्ही भाऊ कागद घेऊन गेले असं ऐकलं, आणि बाईंनी तो सही न करता ठेवून घेतला.

सात लाख बँकेत आहेत. सडतात म्हणे. सडू द्या. जमीन मिळेल तेव्हा घेऊ, पण त्या जमिनीवर जिचं नाव आहे तिला आधी भेटून.