अकरा नंबरच्या दाराची निळी पाटी

मी एक जुनी पाटी आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. पण क्रोएशियातल्या स्प्लिट शहराच्या या गल्लीत एवढं टिकणाऱ्याला आता ज्येष्ठ नागरिक म्हणतात.

मित्रांनो, कारखान्यात माझ्या आधी दंतवैद्याची पाटी निघाली, नंतर 'कुत्र्यांना मनाई'. मधे मी : निळा पत्रा, तीन तारे, परवाना क्रमांक. घर पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने द्यायचं, तर नगरपालिकेच्या नियमाने मी दारावर सगळ्यांना दिसेल अशी हवीच. मालक जाक्शाने मला चार स्क्रूंनी बसवलं. पाहुण्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. पेरिनाकाकूंसोबत कुणी काढला नाही, आणि त्या इथे एकाहत्तर वर्षं आहेत.

अकरा नंबरच्या इमारतीत पाच घरं. चार पाहुण्यांची, एक काकूंचं. मार्चमध्ये काकू जिन्यात पडल्या. खूप हाका मारल्या. तीन दारं उघडलीच नाहीत. चौथ्यातल्या पाहुण्याने विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला. काकूंनी दाखवला. मोडलेल्या हाताने दाखवला.

मग नवा नियम आला : परवाना पुन्हा हवा असेल, तर पाचांपैकी चार घरमालकांची संमती आणा. शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी, असं वरच छापलेलं. जाक्शा कागद घेऊन आला.

"सही करा, काकू. तुमच्याच रक्षणाचं आहे."

"मला शेजारी हवाय रे. पडले तर उचलणारा. ती नर्स विचारत होती ना, तिला दे घर."

"ती ऑगस्टच्या ऐन हंगामातही राहील, काकू. मग पाहुण्यांना काय देऊ, गच्ची?"

"मग सही नाही."

"नका करू. तुमच्याशिवाय चार होतात."

चार सह्या झाल्याच. उरलेले तिघे मालक परगावी, त्यांचीही घरं पाहुण्यांनाच. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या चौघांनी एकमेकांना शेजारी म्हणून संमती दिली. राहणारीचं मत एकटं पडलं. त्या दिवशी ऊन नव्हतं, तरी माझा पत्रा तापला.

आमच्याकडे कुणी गेलं की काळ्या चौकटीचा कागद दारावर लावतात. वारापाऊस तो नेईल तेव्हा नेईल. माणूस हात लावत नाही. काकूंनी तसा कागद छापून आणला आणि डाव्या हाताने बरोबर माझ्यावर चिकटवला : 'अकरा नंबरचं घर, वय दोनशे दहा, दीर्घ पर्यटनानंतर निवर्तलं. मागे एक म्हातारी.'

परवान्याआधीची तपासणी आली. निरीक्षकाने कागद वाचला आणि टोपी काढली.

"पाटी कुठाय?"

"खाली आहे. काढा की तो कागद," जाक्शा म्हणाला.

"मी? तुमचं दार, तुम्ही काढा."

जाक्शाने हात उचलला. समोरची पाववाली झोर्का दुकानातूनच म्हणाली, "तुझ्या आईचा कागद तीन महिने होता तिथं. कुणी फाडला का रे?"

हात खाली आला.

आता जाक्शाच्या त्या घरात नर्स राहते. मी जाक्शाच्या खणात आहे, अजून रागात. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माझी फार घेतली गेली. परवाना नाकारल्याचं कारण काय लिहिलंय, तेवढं ऐका, मित्रांनो. म्हातारी पडली, कुणी उचललं नाही, असं नाही लिहिलेलं. लिहिलंय : 'पाटी दिसत नाही.'