चपटी बडी

गोदावरीबाईंनी वाळवणाची बडी दोन बोटांत धरून मोडली. आत हिरवट बुरशी होती. सदर बाजारातल्या दुकानदारानं सकाळीच अख्खी थैली परत पाठवली होती.

"कोणाची हे? अशी चपटी टाकली, तं आतून वाळन कशी?"

गच्चीवर कोहळा-उडदाच्या बड्या टाकणाऱ्या बायांचे हात थांबले.

"तोंडात बड्या ठेवल्या का? मी तं तोंडावर बोलते, मांगून नाही. म्हणून हे काम टिकलं."

"माही हाय, काकू," पूर्णिमा म्हणाली.

"हाताले मेंदी लावली होती का? जाय, भांडे घास. हात सुधरला का मंग ये."

भांडी घासणारीला रोजी कमी. पूर्णिमा उठून नळाकडे गेली.

दुपारी बाया टाकीच्या सावलीत डबे उघडून बसल्या. हसणं ऐकून गोदावरीबाई तिकडे गेल्या. त्या पोचल्या तेव्हा हसणं संपलं होतं. त्यांच्यातल्या मीनलनं सरकून जागा केली, जरा जास्तच. त्या बसल्या नाहीत.

आपल्या फडक्यापाशी येऊन त्यांनी वाटलेली डाळ उचलली. हिवाळ्यापासून उजवा अंगठा वाकत नव्हता. बडी टोक न धरता बसली, एका अंगाला खळगा पडला. त्यांनी परत आलेल्या थैलीतली एक बडी काढून तिच्या खळग्यावर अंगठा ठेवला. नेमका बसला.

फडक्यावरच्या सकाळच्या त्यांच्या बड्या मात्र टोकदार उभ्या होत्या. ओल्या असतानाच कोणीतरी सावरल्या होत्या. सगळ्या.

पदर खोचून त्या नळापाशी गेल्या. पूर्णिमाच्या हातातला डाळीचा गंज, ते उभं पातेलं, ओढून घेतला.

"काकू, तुमी काहून?"

"तू ऊठ. बड्या टाक. हात सुधरेपर्यंत हे माह्यं."

पूर्णिमा उठली, पण गेली नाही. गोदावरीबाईंनी गंज घासला, विसळला, उपडा ठेवला. तिनं तो उचलून उन्हाकडे धरला. बराच वेळ पाहिला. मग त्यांच्यापुढे परत ठेवला.

"बुडाले डाळ चिकटून हाय, काकू."

टाकीखालच्या बाया घास हातात धरून थांबल्या.

"कुठी?" गोदावरीबाईंनी विचारलं.

पूर्णिमा खाली बसली. त्यांचा ओला अंगठा धरून तिनं त्या जागेवर ठेवला.