लाल फुल्या, निळी वर्तुळं

मी एक जुना नकाशा आहे, फोनच्या दुकानात टांगलेला. मोबाईलचा सिग्नल कुठे मिळतो ते मी दाखवतो. माझ्या अंगभर पेनाने केलेल्या खुणा आहेत आणि मित्रांनो, मला त्यांचा फार अभिमान आहे.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी नखशिखांत हिरवागार होतो. डोंगर हिरवा, दऱ्या हिरव्या, तळंसुद्धा हिरवं! 'हिरवं तिथे आमचा फोन चालणार,' असं माझ्या तळाशी ठळक छापलं होतं. दुकानाच्या मालकीणबाई गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवायच्या, "हे बघा, तुमचं घर हिरव्यात आहे." गिऱ्हाईक निर्धास्त होऊन फोन घेऊन जाई आणि मी ऐटीत भिंतीवर मिरवत राही. मला रंगवणाऱ्यांनी हे डोंगर कधी पाहिलेच नव्हते, हे मला काय ठाऊक!

एकदा एका सुताराने आपल्या आईसाठी फोन नेला. ती उतारावरच्या घरात एकटी राहायची. पंधरवड्याने ती अंगणात घसरली आणि तिचा खुबा मोडला. फोन हातातच होता, पण सिग्नलचा पत्ता नव्हता. सकाळी पडलेली म्हातारी टपालवाल्या मावशींना दुपारी दिसली, तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेता आलं.

दुसऱ्या दिवशी सुतार दुकानात आला. तो ओरडला नाही. माझ्याकडे बघत एवढंच म्हणाला, "बाई, मी या रंगावर भरवसा ठेवला हो."

मित्रांनो, भिंतीने मला पोटात घ्यावं असं वाटलं मला.

तो गेल्यावर बाईंनी लाल पेन घेतलं आणि त्या उतारावर फुली मारली. मग मावशींना बोलावून म्हणाल्या, "तुम्ही दारोदार जाता. प्रत्येक दारात फोन काढून बघाल का?"

"बघेन की. पाय तर चालतातच, आता डोळेही कामाला लागतील."

रोज संध्याकाळी मावशी चिठोऱ्या आणून देत. सिग्नल नाही तिथे बाई लाल फुली मारत. पण नदीपलीकडच्या वस्तीत वेगळीच गंमत निघाली. तिथे सिग्नल खणखणीत होता, पण नव्या जोडणीसाठी तिथला पत्ता घातला की कंपनीचा कम्प्युटर म्हणे, 'येथे जोडणी दिली जात नाही.'

"म्हणजे पान वाढलंय, पण बसायचं नाही!" मावशी म्हणाल्या. अशा जागी बाईंनी निळं वर्तुळ काढलं.

वर्षभरात माझ्यावर एकसष्ट फुल्या आणि चौदा वर्तुळं झाली. उतारावर दुसऱ्या कंपनीचा फोन लागतो, हेही मावशींनी शोधलं. सुताराच्या आईला बाईंनी स्वतः तोच घ्यायला सांगितला. लोक आता खरेदीआधी मला बघायला येऊ लागले.

मग एके दिवशी कंपनीचे साहेब आले आणि कडाडले, "हे काय करून ठेवलंय? नकाशा कंपनीचा आहे. उतरवा आधी!"

"उतरवते," बाई म्हणाल्या. "फक्त त्याआधी मावशींबरोबर एक फेरी मारून या."

साहेब तोऱ्यात गेले. चार तासांनी आले ते बूट चिखलाने माखवून. बराच वेळ मला न्याहाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, पेन देता का? पाणचक्कीमागची एक फुली राहिलीय."

ती फुली साहेबांनी आपल्या हाताने मारली! पुढे चौदापैकी नऊ वर्तुळांत कंपनीने जोडण्या द्यायला सुरुवात केली.

आता दुकानात नवा, गुळगुळीत, पुन्हा हिरवागार नकाशा आलाय. मी दारामागे असतो. घड्यांवर विरलोय, एक कोपरा चिकटपट्टीने धरलाय. तरी जाणकार माणसं आधी दार ओढून मलाच बघतात.

मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. देखण्या रंगाला भुलू नका, जो तिथे चालून आलाय त्याला विचारा. आणि खुणांनी भरलेला एखादा जुना कागद हाती लागला, तर रद्दीत टाकण्याआधी नीट वाचा. प्रत्येक खुणेसाठी कुणीतरी एक चढण चढलेलं असतं.