सगळ्या वाटांनी

“निरोप गेला का गं?” बाईंनी वरच्या खोलीतून विचारलं.

“इथून गेला म्हणतोय लॅपटॉप. तुझ्याकडे आला?” खालून, बाबांच्या पलंगाशेजारून लेक ओरडली.

“कुठलं काय!”

घशाच्या शस्त्रक्रियेत बाईंच्या यजमानांचा आवाज गेला होता. परवा त्यांना ठसका लागला, तेव्हा बाई वर दार लावून शिकवणी घेत होत्या. त्यांना पत्ताच नव्हता. तेव्हापासून त्या जावा या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहीत होत्या. यजमानांनी आपल्या लॅपटॉपवर कळ दाबली की यूडीपी नावाच्या पद्धतीने घरातल्या सगळ्या यंत्रांवर एकदम निरोप उमटायला हवा होता.

“त्यापेक्षा उशाशी घंटा ठेवायची,” लेक म्हणाली.

यजमानांनी टाइप केलं, ‘मी काय देव आहे?’ लेकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

बाई हसतच खाली आल्या. ब्रॉडकास्टची, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप धाडायची परवानगी चालू होती, पोर्टचा क्रमांक सगळीकडे तोच, फायरवॉलची आडकाठीही काढलेली. वरून स्वयंपाकघरात निरोप पोचत होता. या एका लॅपटॉपवरून मात्र कुठेच नाही. बरं, चूकही दिसेना. यूडीपीचं असंच, निरोप सोडून मोकळं व्हायचं, पोच मागायची नाही.

त्यांनी लॅपटॉपमधल्या नेटवर्कच्या वाटा पडद्यावर काढल्या. एक घरच्या वायफायची. दुसरी यजमानांच्या ऑफिसची, घरून काम करता यावं म्हणून तिथल्या लोकांनी बसवून दिलेली. लॅपटॉप पहिला मान तिलाच देत होता. घरातले सगळे निरोप तिकडे निघाले होते.

“सापडलं!” लेक म्हणाली. “बाबा, ते ऑफिसचं काढूनच टाकू या ना. दोन मिनिटांचं काम. नाहीतरी आता तुम्हाला…”

यजमान खिडकीकडे पाहू लागले. त्यांना पुन्हा कामावर जाता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात ते अजून कोणी उच्चारलं नव्हतं.

“त्याला हात नको लावायला,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक वाटेचा ब्रॉडकास्ट पत्ता काढून मी निरोप वेगवेगळा पाठवते. चार ओळी जास्त, एवढंच.”

“अगं आई, पण उगीच कशाला…”

“तू वर जाऊन बस. पडद्याकडे लक्ष ठेव.”

ओळी लिहून झाल्या. यजमानांनी कळ दाबली.

“आला गं, आला!” वरून हाक आली. स्वयंपाकघरातही टुण्णकन वाजलं.

यजमानांनी मग सावकाश टाइप केलं, ‘सगळ्या वाटांनी म्हणजे ऑफिसातही गेला असेल.’

“गेला असेल. पण तिकडे ऐकणारं कोणी नाही हो,” बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

‘बरंच झालं,’ यजमानांनी लिहिलं. ‘मी रजेवर आहे.’

बाईंनी ते वाचलं. यजमानांच्या कोपराखालची उशी जराशी पुढे सरकवली, कळ बोटाच्या टप्प्यात यावी म्हणून.