नळीचं दुसरं टोक

“काका, आधी एक सांगा. मास्तरीणबाईंकडे पाणी उलटं आलं म्हणे?”

लेव्हलकाकांनी पिशवीतून नळी बाहेर काढणं थांबवलं नाही. हा प्रश्न येणार हे त्यांना फाटकातच कळलं होतं. घरची सून बाळाला कडेवर घेऊन मागच्या दारात अशी उभी होती, की तिला उत्तर दिल्याशिवाय अंगणात पाऊल पडू नये.

“उलटं कसलं येतंय! केस अडकले असतील. लोक मोरीत वाट्टेल ते टाकतात आणि नाव प्लंबरचं.”

“त्या म्हणाल्या, जाळी रोज साफ करतात.”

“सगळे तेच म्हणतात.”

आतून, खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला. “अगं, करू दे की त्यांना काम! तू जन्मायच्या आधीपासून पाईप टाकतायत ते.”

“म्हणूनच विचारतेय,” सून पुटपुटली आणि बाजूला झाली.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना बाथरूमच्या दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. म्हणून मागच्या भिंतीला लागून एक खोली आणि तिच्यातच बाथरूम निघत होतं. भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. आज सांडपाण्याच्या पाईपची वाट ठरायची होती. नव्या बाथरूमपासून कुंपणाजवळच्या जुन्या चेंबरपर्यंत चोवीस फूट, फुटाला पाव इंच, म्हणजे सहा इंच उतार. एकदा वर फरशी बसली की खाली काय चुकलंय ते घाण पाणी वर आल्यावरच कळणार, आणि तोवर बाळ त्याच फरशीवर रांगत असणार. सुनेला गेले आठ दिवस झोप नव्हती ती याच विचारानं.

काकांनी नळीत पाणी भरलं. पारदर्शक म्हणून घेतलेली ती नळी आता चहासारखी पिवळट झाली होती. पण पाणी खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं, तिथे भिंतीवर खुणा करायच्या आणि खुणांपासून खाली मोजायचं. या नळीमुळेच त्यांचं नाव लेव्हलकाका पडलं होतं.

अडतीस वर्षं दुसरं टोक काकूंच्या हातात असे. नवरा-बायको नळीतूनच काय ते बोलतात, अशी लोक थट्टा करत. ती अगदीच खोटी नव्हती. “आलं का?” हे ओरडत. “थांबा,” ती म्हणे. मग टक, टक, टक, नळीवर नखं वाजवत बसे. “अगं, हात गप्प ठेव! पाणी हलतं,” हे खेकसत. ती उत्तर देत नसे. थोड्या वेळानं म्हणे, “आलं. करा खूण.”

ती गेली त्याला सात महिने झाले. त्यानंतर काकांनी दोनच कामं केली, मास्तरीणबाईंचं बाथरूम त्यांतलंच. दुसरं टोक खिळ्याला अडकवायचं आणि स्वतःच या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या. उजव्या डोळ्यावर साय धरल्यासारखं झालं होतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला घरात होतं कोण?

“खिळा आहे का चेंबरपाशी?” त्यांनी विचारलं.

“खिळा कशाला? मी धरते ना.”

“कडेवर पोर आहे.”

“एक हात मोकळा आहे.”

ती चेंबरपाशी कुंपणाच्या भिंतीला टेकून उभी राहिली. काका बाथरूमच्या कोपऱ्यात गेले. त्यांनी आपलं टोक खिळ्याला अडकवून आपल्या बाजूची खूण केली, मग तिच्याजवळ येऊन खडूनं तिच्या बाजूची. तिथून खाली टेप सोडला, आकडा मनाशी घोळवला.

“बसतंय. सहाच्या सहा इंच.”

“काका, नळीत हवा आहे.”

“नाही. दोनदा बघून भरलीय.”

“आहे. हे बघा, माझ्या हाताखाली. एवढा मोठा बुडबुडा आहे, आणि मागोमाग बारीक बारीक.”

काकांनी नळी डोळ्यांशी धरली. पिवळं, नुसतं पिवळं. चाळीस वर्षांच्या कामात त्यांना कुणी असं शिकवलं नव्हतं, तेही पोर कडेवर घेऊन. ते चार शब्द सुनावणार, तेवढ्यात तिनं नळीवर नखानं टिचकी मारली.

टक. टक, टक.

काका जिथल्या तिथे थांबले.

बाळ हसलं. नळीच्या तोंडाशी हवा फुटली, पाणी झरझर खाली आलं आणि खडूच्या खुणेखाली चार बोटं जाऊन थांबलं. चार बोटं म्हणजे तीन इंच. सहा इंचांतला निम्मा उतार नुसत्या हवेचा होता.

“हे कुणी शिकवलं तुला?” त्यांनी विचारलं.

“शिकवायचं काय त्यात? बाळाचं औषध पिचकारीत भरताना मारते की टिचकी. हवा वर येते.” मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ती ओशाळली. “रागावलात का काका?”

त्यांनी मान हलवली. ते चेंबरच्या कडेवर बसले. अडतीस वर्षांतल्या सगळ्या भिंती, सगळ्या खुणा. अडतीस वर्षं ती त्यांच्या चुका नखानं वर आणून सोडत होती आणि ते तिला हात गप्प ठेवायला सांगत होते. एकदाही बोलली नाही. कदाचित बोलली असेल. त्यांनी ऐकलं नसेल.

“ती पहिली खूण पुसू का?” सुनेनं विचारलं.

“पुस.”

नव्या खुणेवरून त्यांनी पुन्हा मोजलं. बाथरूमची जमीन तीन इंच उचलावी लागणार होती, आणि पायरी नको म्हणून दाराशी उतरण. हे सगळं त्यांनी भिंतीवर रेघा मारून सुनेला समजावलं, दोनदा, आणि तिनं विचारलेल्या प्रत्येक शंकेला न खेकसता उत्तर दिलं. आतून सासूबाईंनी “चहा घेऊन जा हो,” म्हटलं तेव्हा ते नळी गुंडाळत होते.

“नको. एका ठिकाणी जायचंय.”

मास्तरीणबाईंनी दार उघडलं तेव्हा आतून कुबट वास आला. नव्या बाथरूमच्या दाराशी पोतं अंथरलेलं होतं, काळं, ओलं.

“आता काय राहिलंय?” त्या म्हणाल्या. “केस अडकलेत, असं आणखी एकदा सांगायला आलात?”

“केस नव्हते, बाई. फरशी उकरावी लागेल. चूक माझी आहे.”

काकांनी खांद्यावरची नळी उतरवली आणि एक टोक त्यांच्यापुढे धरलं.

“एवढं टोक धराल का? आत बुडबुडा दिसला तर नखानं टिचकी मारायची.” त्यांनी आपलं टोक उचललं. “मारत राहा. मी काही बोलणार नाही.”