नलूच्या वाटचं ऊन

नलू जन्मली तेव्हा सुईणीने तिला दिव्यापाशी नेऊन दोनदा पाहिलं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडी दुधावरच्या सायीसारखी. आमगावजवळच्या त्या खेड्यात असं लेकरू कोणी पाहिलं नव्हतं. बारशाला नाव नलिनी ठेवलं, पण गावाने तिला भुरी केलं. ती दीड-दोन वर्षांची असताना आईने, गिरजाबाईने, तिला शेताच्या कडेला धुऱ्यावर बसवून धानाचं निंदण केलं आणि संध्याकाळी पोरीच्या पाठीवर भाजल्यासारखे फोड उठले. त्या दिवसापासून गिरजाबाईने तिला घराच्या सावलीत ठेवलं ते ठेवलंच.

नलू दळायची, सारवायची, सगळ्या घराचे कपडे शिवायची. कामाला कुणाच्या मागे नव्हती. पण आषाढात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की तिचा जीव घरात ठरायचा नाही. गल्लीतल्या साऱ्या पोरी साड्या खोचून, हसतखिदळत चिखलपाण्याने भरलेल्या बांधीत उतरायच्या. त्यांची गाणी वाऱ्याबरोबर घरापर्यंत यायची. नलू खिडकीपाशी उभी राहून त्यातला शकूचा आवाज ओळखायची, कारण शकू तिची जिवाची मैत्रीण होती. एकदा आभाळ भरून आलंय असं पाहून ती गुपचूप धुऱ्यापर्यंत गेलीही. गिरजाबाईने हाताला धरून परत आणलं.

"तुया आंगाले ऊन सोसत नाई, माय. ढगातूनबी भाजते तुले. मी का दुश्मन हाये तुई?"

 आई खरं तेच बोलत होती, हेच तर नलूचं दुःख होतं.

पुढे थोरला भाऊ तेजराम भिलाईला लागला. पोलादाचा कारखाना उभा राहत होता, हाताला काम होतं. पहिली भट्टी पेटली त्या वर्षी त्याला क्वार्टर मिळालं, तसा तो बायकोला, सिंधुताईला, न्यायला गावी आला आणि आईला म्हणाला, "नलूलेबी नेतो. इथं सारे तिच्याकडं पायतात. तिथं चार मुलखाचे लोक हायेत, कोन कोनाले पायते?"

भिलाईत सावलीच नव्हती. कारखान्याने वसवलेली ती वस्ती इतकी नवी होती, की रस्त्याकडेची झाडं कठड्यांत गुडघ्याएवढी उभी होती. क्वार्टरं चुन्याने पांढरीफेक, रस्ते मुरमाचे. नलू पहिल्याच आठवड्यात छत्री धरून नळावर गेली, तरी तिची हनुवटी आणि गळा लाल झाला. तिने रात्रभर विचार केला. मग तिच्या ध्यानात आलं की ऊन नुसतं वरून येत नाही. भिंतींवरून, मुरमावरून उसळून ते खालूनही येतं, आणि छत्रीला खालची बाजू नसते.

तेव्हापासून तिने स्वतःचा बंदोबस्त स्वतः करायला घेतला. कापड कंदिलासमोर धरायचं, ज्यातून ज्योत दिसेल ते बाद. पांढरं पातळ सुती तिने टाकलं, गडद निळं जाड घेतलं. तेजरामचा कामावरचा जुना खाकी शर्ट ती पोलक्यावर चढवायची, बाह्या बोटांपर्यंत. पदर कपाळापुढे छपरासारखा ओढायचा आणि खालून एक फडकं हनुवटीवरून कानामागे बांधायचं. पायांत तेजरामचे मोजे. बाहेरची कामं सूर्य वर येण्याआधी, नाहीतर दिवस कलल्यावर. आणि घरी आल्यावर हातापायाला मोहाच्या बियांचं तेल. सिंधुताई हसायची.

"वैनी, हसून घ्या," नलू म्हणायची, "पन या महिन्यात एकबी फोड नाई आला."

त्या बंदोबस्तात ती बाजारापर्यंत जाऊ लागली, आणि तिथे एक नवलच झालं. भिलाईत तेव्हा रशियातून आलेले इंजिनिअर नि त्यांच्या बायका राहत. त्यांना पाहून लोकांचे डोळे सरावले होते. खाकी शर्टाखाली नलूची पांढरी वेणी दिसली की पोरं ओरडायची, "रूसी मेम! रूसी मेम!" गावात जिला पाहून बायका आपल्या लेकरांची दृष्ट काढायच्या, तिला इथे भाजीवाला अदबीने सलाम करायचा. नलूला आधी हसू आलं, मग कसंसंच वाटलं.

चैत्रातल्या एका संध्याकाळी ती कांदे निवडत होती. मागून कुणीतरी धावत आलं, तिचा दंड धरला आणि न कळणाऱ्या भाषेत आनंदाने भडाभडा बोलू लागलं. नलू वळली. एक रशियन बाई होती, तिशीची, नाकाची कातडी सोललेली. नलूच्या कपाळावरचं कुंकू आणि नाकातली फुली पाहून ती बोलायची थांबली. चेहरा एकदम उतरला. मग ती स्वतःवरच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

आपला रंग पाहून कुणी आपल्याकडे धावत यावं, हे नलूच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. पण त्या बाईला हवं होतं ते तिच्या मुलखाचं माणूस आपण नव्हतो, एवढं तिला कळलं. तिने हातातले कांदे खाली टाकले आणि बाईचा हात धरला.

"घर याद आता है?" नलूने मोडक्या हिंदीत विचारलं.

बाईने मान हलवली. "बहुत," ती म्हणाली. तिला बाजारापुरती हिंदी येत होती. तिचं नाव झोया.

झोया मग क्वार्टरवर येऊ लागली. पहिल्यांदा आली तेव्हा तिचे खांदे लालभडक होते. सिंधुताईने दह्याची वाटी आणली, नलूने हलक्या हाताने दही लावलं आणि हे कसं झालं म्हणून विचारलं. झोयाने फरशीवर आडवं होऊन, डोळे मिटून दाखवलं. तलावाकाठी ती मुद्दाम उन्हात निजली होती.

"उन्हात? मुद्दाम?" नलूला पटेना.

झोयाने हातांनी आपल्या मुलखात बर्फ पडताना दाखवला, बोटांनी महिने मोजले. मग दोन्ही तळवे आभाळाकडे करून अशी काही उभी राहिली, जणू ओंजळीत कुणी ऊन वाढेल. नलू तिच्याकडे बघत राहिली. उन्हासाठी झुरणारी आपण एकटीच, असं तिला आजवर वाटत होतं.

तिने झोयाला कापड कंदिलासमोर धरून पारखायला शिकवलं, पदराच्या जागी रुमाल कसा बांधायचा ते दाखवलं. झोयाने तिला काळा चष्मा दिला. नलूच्या डोळ्यांना उजेड सोसत नसे, सगळं पांढऱ्या धुरात दिसायचं. चष्मा लावून ती अंगणात आली आणि समोरच्या क्वार्टरच्या छपरावर बसलेली कबुतरं तिला वेगवेगळी दिसली. ती कितीतरी वेळ तिथेच उभी होती.

वर्ष असं गेलं. दोघी संध्याकाळी चहा घेत बसायच्या. झोया बिनदुधाचा, लिंबू पिळून प्यायची आणि सिंधुताई तोंड वाकडं करायची. नलू रोवणीबद्दल सांगायची, झोया तिच्या गावच्या नदीबद्दल. अर्धं कळायचं, अर्धं नाही.

पुढच्या ज्येष्ठात झोयाच्या नवऱ्याचं इथलं काम संपलं. ती निरोप घ्यायला आली ती भर दुपारी, बाहेर जीप उभी ठेवून. नलूला मिठी मारली, गालाला गाल लावला आणि निघाली. जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि नलूला राहवलं नाही. शर्ट नाही, फडकं नाही, डोईवर पदरही नाही, अशी ती रस्त्यावर धावली. वळणापर्यंत धावली. जीप दिसेनाशी झाली तरी तिथेच उभी राहिली. सिंधुताईने येऊन तिला आत ओढलं.

"येडी झाली का वो? जीव द्याचा हाये?"

रात्री ताप भरला. मान, दंड, गाल, सगळीकडे फोड. दिवसच्या दिवस ती दार लोटून अंधारात पडून होती. सिंधुताई कोरफडीचा गर लावायची नि आपणच रडायची. त्या अंधारात नलूला लहानपणची खिडकी आठवली, आणि बांधीतली गाणी. कातडी सुटून खालची नवी आली तेव्हा ती उठून तेजरामला म्हणाली, "दादा, मले रोवणीले गावी जायाचं हाये."

"आत्ताच त मरता मरता वाचली!"

"एवढे वर्स जपलं आंग. कायच्यासाठी जपलं मंग?"

 दुर्गच्या बाजारातून तेजरामने तिला खुमरी आणून दिली, गुराखी डोक्यावर घालतात तशी बांबूची रुंद टोपी.

रोवणीच्या तोंडावर नलू गावी पोचली, तेव्हा गिरजाबाईने लेकीचा तो खुमरी-चष्म्याचा अवतार पाहिला आणि कपाळावर हात मारला. पण अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नलू बांधीत उतरली. डोक्यावर खुमरी, डोळ्यांवर चष्मा, अंगात खाकी शर्ट. पाण्यावरून ऊन उसळणार हे ठाऊक होतं म्हणून हनुवटीखाली फडकं दुहेरी बांधलेलं. साडी खोचल्यावर पोटऱ्या उघड्या पडल्या, तेव्हा तिने चिखलाचाच जाड थर वर लिंपला. परे, धानाची कोवळी रोपं, हातात घेतली, वाकली, आणि चिखलात बोटं रुतवली. चिखल कोमट होता. घरात बसून तिला तो नेहमी गार वाटला होता.

रांग मागे मागे सरकू लागली. शेजारून गाणं सुरू झालं. नलू कान देऊन ऐकत होती. गाणं तेच, पण एकही आवाज ओळखीचा नव्हता. शकू केव्हाच लग्न होऊन तिरोड्याकडे गेली होती. बाकीच्याही अशाच पांगल्या होत्या. रांगेत होत्या त्या साऱ्या गावात आलेल्या नव्या सुना. नलूचा हात थांबला. वाकल्या वाकल्या तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्म्याच्या आत साचलं.

शेजारची रुक्मा, नुकती लग्न होऊन आलेली, बिचकत म्हणाली, "बाई, तुम्ही भिलाईच्या ना? कशी हाये वो भिलाई?"

"सावली नाई तिथं," नलू म्हणाली. मग थांबली नाही. कारखान्यातल्या पाळीच्या भोंग्याबद्दल सांगितलं, भट्टीतून लोखंड निघालं की संध्याकाळचं आभाळ कसं तांबडं होतं ते सांगितलं, बाजारात कानांवर पडणाऱ्या पाच-सहा भाषा सांगितल्या. लिंबू पिळून चहा पिणाऱ्या झोयाबद्दलही सांगितलं.

"एवढं चांगलं हाये त इथं कावून आल्या?"

"यायाचं होतं," नलू म्हणाली. "लहानपनापासून यायाचं होतं."

रुक्माने तिच्याकडे पाहिलं, आणि आपल्या मुठीतले थोडे परे काढून तिच्या हातात दिले, कारण नलूचे संपले होते. दोघी बरोबरीने लावू लागल्या. थोड्या वेळाने नलूने गाण्यात आपला आवाज मिसळला. शब्द तिला सगळे पाठ होते.

दिवस वर आला तसं गिरजाबाईने धुऱ्यावरून हाक मारली. नलू बाहेर आली. हातांची पाठ लाल झाली होती, बाकी अंग धड होतं. गिरजाबाईने ते हात उलटेपालटे करून पाहिले, पदराने पुसले नि म्हणाली, "उद्या हाताले बी कायीतरी बांध."

रोवणी संपेपर्यंत नलू रोज गेली. तेजराम न्यायला आला तेव्हा ती ओसरीवर गाठोडं बांधून तयार बसली होती, आणि त्याने पायातले जोडे काढायच्या आत तिने विचारलं, "दादा, झोयाच्या क्वार्टरात आता नवीन कोन आलं?"